‘बीपी’ नावाचा रकाना

2020 च्या मे-जूनमध्ये जळगावात रोज मोबाइलवर कोरोनाची एक प्रेसनोट फिरायची. तालुकावार नवे रुग्ण, बरे झालेले, आणि शेवटी मृतांची माहिती. तिथे नाव नसायचं. पुरुष किंवा स्त्री, वय, राहण्याचा भाग आणि त्यापुढे आधीचा आजार. ‘मधुमेह व उच्च रक्तदाब’ हे शब्द इतक्या वेळा यायचे की लोक ती ओळ वाचून निःश्वास टाकायला लागले होते. म्हातारा होता, बीपी होता, म्हणजे गेला. आपल्याला बीपी नाही, म्हणजे आपण वाचलो.

त्या दिवसांत जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या वर गेला होता. देशाचा दर तीन टक्क्यांच्या आसपास होता. मार्चअखेरीस मेहरूण भागात पहिला रुग्ण सापडला आणि दोन-अडीच महिन्यांत केळी आणि सोन्यासाठी ओळखला जाणारा हा जिल्हा मृत्युदरासाठी देशभर चर्चेत आला. जूनमध्ये तर शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध बाधित महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. त्यानंतर अधिष्ठात्यांचं निलंबन झालं आणि यंत्रणेत बदल झाले. पण लोकांच्या मनात जी भीती बसली ती या बदलांनी निघणारी नव्हती. दम लागला तरी दवाखान्यात नको, असं म्हणत माणसं घरी थांबली आणि ओठ निळे पडल्यावर रुग्णालयात पोचली.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘प्रतिकार’ हा विषय दिला तेव्हा मला प्रेसनोटमधली तीच ओळ आठवली. रक्तदाब ही नळीतल्या दाबाची गोष्ट. विषाणूशी लढतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. मग बीपी असलेल्या माणसाचा लढा कमी कुठे पडत होता? आणि ‘बीपी होता’ एवढ्या दोन शब्दांत आपण काय काय झाकून टाकलं? हे पाहायला मी पिंप्राळ्यात गेले.

“मले काहीच होत नही”

पिंप्राळा एकेकाळचं वेगळं गाव, आता जळगाव महापालिकेचा भाग. रेल्वेमार्गाच्या पलीकडची ही वस्ती शहरात येऊनही गावासारखी वागते. आषाढी एकादशीला इथे पांडुरंगाचा रथ निघतो, त्या दिवशी सगळं जळगाव पिंप्राळ्याकडे वळतं. जुन्या गावठाणात ओटे आहेत, गोठे आहेत. हुडकोच्या वसाहतीत दाटीवाटीची छोटी घरं. कोणी दालमिलमध्ये हमाली करतो, कोणी चटईच्या कारखान्यात पाळी करतो, कोणी भाजीची गाडी लावतो.

इथल्या आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, मागोमाग मी या घरांतून फिरले. त्यांच्या पिशवीत डिजिटल बीपी मशीन, पट्टा आणि एक फाटकं रजिस्टर होतं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, तंबाखू विचारायची, कमरेचा घेर मोजायचा, बीपी घ्यायचं. फॉर्म सोपा आहे, बीपी घेणं अवघड. मोजण्याआधी पाच मिनिटं माणसाने शांत बसायला हवं, अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला. हुडकोतल्या घरात टेकायला खुर्ची नसते. बाई चुलीवरून उठून येते, पोर कडेवर असतं, सासू शेजारून बोलत असते. ताई तरीही तिला बसवतात, “बोलू नको गं जरा” म्हणतात आणि दोनदा मोजतात.

एका ओट्यावर साठीच्या पुढचे एक आप्पा बसले होते. तरुणपणी रथ थांबवायला-वळवायला चाकाला मोगरी लावायचे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मशीनवर आकडा आला 172 आणि 98. गोळी चालू आहे का, विचारल्यावर म्हणाले, “व्हती. पण मले काहीच होत नही, मंग गोयी कायले खाऊ?”

डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दोन भाकरी पचतात. शरीर काहीच सांगत नसेल तर रोज सकाळी गोळी घेण्याचं कारण फक्त मशीनवरचा आकडा उरतो, आणि आकड्यावर विश्वास ठेवायला आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2019 मध्ये जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांत 21 टक्के आणि पुरुषांत 24 टक्के लोकांचा दाब वाढलेला होता किंवा त्यावर औषध चालू होतं. म्हणजे पिंप्राळ्याच्या कुठल्याही गल्लीत चार-पाच मोठ्या माणसांत एक.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तेव्हा याच आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले. ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आधीचे आजार विचारले. ‘कोमॉर्बिड’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. पण कोणाचं बीपी किती वर्षांचं आहे, गोळी रोज चालू आहे की सुटली आहे, हे लिहायला जागा नव्हती. ताईंना ते माहीत असायचं. त्या सांगायच्याही. कागदावर मात्र फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’.

गोळीची धास्ती

कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-2 नावाच्या प्रथिनाला चिकटून. हे प्रथिन फुप्फुसांत, आतड्यांत, हृदयात, किडनीत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असतं. विषाणूसाठी ते तिथे नाही. त्याचं काम रक्तदाबाशी बांधलेलं आहे. किडनी रेनिन सोडते, त्यातून साखळी सुरू होते आणि शेवटी अँजिओटेन्सिन-2 तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, मीठ धरून ठेवतं, दाब वाढवतं. एसीई-2 या अँजिओटेन्सिन-2 चं रूपांतर उलट गुणाच्या तुकड्यात करतं. तो तुकडा वाहिन्या सैल करतो आणि दाह शमवतो. एक चढवतं, दुसरं उतरवतं. विषाणू नेमका उतरवणाऱ्याला चिकटतो, पेशीवरचं एसीई-2 कमी होतं आणि चढवणाऱ्याचं फावतं.

बीपीच्या दोन मोठ्या गटांतल्या गोळ्या याच साखळीवर काम करतात. एनालाप्रिल, रामिप्रिल या एसीई इनहिबिटर गटातल्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन या एआरबी गटातल्या. मार्च 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या एका नियतकालिकात पत्र छापून आलं. या गोळ्यांमुळे शरीरातलं एसीई-2 वाढत असेल आणि म्हणून विषाणूला आत शिरायला जास्त वाटा मिळत असतील, अशी शंका त्यात मांडली होती. ती शंकाच होती, पुरावा नव्हता. पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर पोचली तोवर तिचा आदेश झाला होता: बीपीची गोळी बंद करा. युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच महिन्यात स्पष्ट सांगितलं की गोळ्या थांबवू नका. हे सांगणं मात्र तितक्या वेगाने पसरलं नाही.

पिंप्राळ्यातल्या एका मेडिकलवाल्या भाऊंना ते दिवस नीट आठवतात. “टेल्मा चालू ठेवू का, हे विचारायला माणसं फक्त फोन करायची. काही फोनही करत नव्हती. नेहमीचं गिऱ्हाईक दोन महिने दिसलं नाही की समजायचं, गोळी सुटली.” गोळी सुटायला भीती एकटीच कारणीभूत नव्हती. सिव्हिल हॉस्पिटल पूर्ण कोविडसाठी राखून ठेवलं होतं. बिगर-कोविड रुग्णांची सोय भुसावळ रस्त्यावरच्या डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केली होती. टाळेबंदीत रिक्षा नाही, हाताला काम नाही. बीपीच्या मोफत गोळ्यांसाठी पिंप्राळ्यातून तिथवर कोण जाणार? जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्याव्यात, आशांनी घरपोच कराव्यात, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना एप्रिल 2020 मध्ये निघाली होती. सूचना चांगली होती. ती गल्लीपर्यंत पोचायला मधे माणसं लागतात, आणि ती सगळी माणसं तेव्हा स्वॅब आणि क्वारंटाइनमध्ये अडकली होती.

त्या शंकेचं पुढे काय झालं, हे सांगायलाच हवं, कारण ते सांगायला कोणी पिंप्राळ्यात परत आलं नाही. ब्राझीलमध्ये कोविडने भरती झालेले, या गोळ्या घेणारे 659 रुग्ण घेतले. निम्म्यांच्या गोळ्या तीस दिवस थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. थांबवण्याचा काहीच फायदा दिसला नाही. सात देशांतल्या आणखी एका चाचणीचाही निष्कर्ष तोच. मग काहींना उलटी आशा वाटली, की ही गोळीच कोविडवर उपाय ठरेल. तीही खरी ठरली नाही. भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या 17 रुग्णालयांत 787 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यात भारतातल्या रुग्णांना टेल्मिसार्टन दिलं होतं, कोविडच्या तीव्रतेत फरक पडला नाही. बीपीची गोळी बीपीसाठी. ती घेतल्याने कोविड वाढत नाही आणि बराही होत नाही.

आधीपासून जाग्या पेशी

आता मूळ प्रश्न. दाब आणि प्रतिकार यांचा संबंध काय?

या संबंधाची भक्कम खूण कोविडच्या कितीतरी आधीची आहे. 2007 मध्ये अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या प्रयोगशाळेत टॉमाश गुझिक आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांच्या शरीरात टी आणि बी पेशी जन्मतःच नव्हत्या. त्यांना अँजिओटेन्सिन-2 दिलं. साध्या उंदरांचा दाब जितका चढतो तितका त्यांचा चढला नाही. मग त्यांना बाहेरून टी पेशी दिल्या, आणि दाब चढला. रक्तदाब वाढवण्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींचाही हात असतो, हे त्यातून दिसलं. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, किडनीत या पेशी जमत राहतात आणि दाहाची रसायनं सोडत राहतात. या रसायनांनी वाहिन्या आणखी कडक होतात आणि दाब आणखी वाढतो.

अशा शरीरात नवा विषाणू शिरला तर काय होतं, हे बर्लिन आणि लाइपझिगच्या संशोधकांनी 2020 मध्ये बारकाईने पाहिलं. 144 जणांच्या नोंदी घेतल्या; 48 जणांच्या श्वासमार्गातून घेतलेल्या नमुन्यांत एकेका पेशीतली जनुकं तपासली. बीपी असलेल्यांच्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल पेशींत दाह पेटवणाऱ्या संदेशांची तयारी जास्त होती. सीसीएल-3 आणि सीसीएल-4 ही त्यांतली मुख्य रसायनं. ती इतर पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ म्हणून बोलावतात. ज्यांच्यात ही तयारी जास्त, त्यांचा आजार जास्त गंभीर झालेला आढळला. घशातला विषाणू साफ व्हायलाही उशीर लागत होता. एसीई इनहिबिटर घेणाऱ्यांत हा अतिरेकी दाह कमी दिसला, एआरबी घेणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, निरीक्षणांवरचा आहे. त्यावरून कोणी गोळी बदलू नये. पण डॉक्टरांना वॉर्डात जे दिसत होतं, त्याचं पेशींच्या पातळीवरचं एक चित्र त्यातून मिळालं.

वॉर्डात काय दिसत होतं? पहिला आठवडा ताप-खोकल्यात जायचा. सातव्या-आठव्या दिवशी ताप उतरता असायचा, घरचे सुटकेचा निःश्वास टाकायचे, आणि नेमका तेव्हा ऑक्सिजन घसरायला लागायचा. त्या टप्प्यावर विषाणूपेक्षा स्वतःच्या पांढऱ्या पेशींनी फुप्फुसात मांडलेला कल्लोळ जास्त घातक होता. म्हणूनच जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड उपयोगी ठरलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्याला त्याचा फायदा नव्हता. ते प्रतिकार वाढवत नाही, दाबतं. त्या काळात आपण सगळे ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत काढे पीत होतो. बीपीच्या रुग्णाच्या शरीरात प्रतिकार कमी पडत होता असं सरळ म्हणताच येत नाही. सुरुवातीला, विषाणू थोपवायच्या वेळी, तो मागे राहत होता. नंतर, थांबायच्या वेळी, थांबत नव्हता.

आजचा आकडा, मागची वर्षं

इथे एक अडचण आहे, आणि ती लपवणं मला बरोबर वाटत नाही. इंग्लंडमध्ये 1 कोटी 70 लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वय, मधुमेह, लठ्ठपणा, किडनीचा आजार, हे सगळं हिशोबात घेतल्यावर बीपीचं स्वतंत्र वजन जवळजवळ उरलंच नाही. तिथल्याच आणखी एका अभ्यासात बीपीच्या 45 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर ज्यांचा अलीकडचा आकडा थोडा चढा होता ते आकडा ताब्यात असलेल्यांपेक्षा जास्त मेले, असंही दिसलं नाही.

मग प्रेसनोटमधली ती ओळ चुकीची होती का? मला तसं वाटत नाही. ती अपुरी होती. दंडाला पट्टा बांधून येतो तो आजचा आकडा. विषाणूने ज्यांना गाठलं त्यांच्या शरीरात मात्र मागची दहा-पंधरा वर्षं साठलेली होती: जाड झालेलं हृदय, गळकी किडनी, कडक वाहिन्या, त्यांच्या भिंतीत जमलेल्या पेशी. ही हानी झाल्यावर गोळ्या वाढतात, आकडा कागदावर नीट येतो, पण शरीर आधीचं राहत नाही.

पिंप्राळ्यातल्या एका शेतकरी गृहस्थांना हे समजावायला मला फार बोलावं लागलं नाही. त्यांची केळी ठिबकवर आहे. ते म्हणाले, “म्हणजे प्रेशर गेज न बघता पंप चालवला तसं. त्या दिवशी पाणी चांगलंच पडतं. जॉइनर कधी निसटला ते पुढच्या महिन्यात बाग सुकल्यावर कळतं.”

लसीच्या वेळीही हाच घोळ झाला. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना आणि आजार असलेल्या 45 ते 59 वयाच्या लोकांना लस सुरू झाली. आजारांच्या त्या यादीत वीस कलमं होती, पण नुसतं बीपी त्यात नव्हतं. बीपीसोबत आधी झालेला पक्षाघात, हृदयाला रक्त कमी पडण्याचा आजार किंवा दहा वर्षांवरचा मधुमेह असं काही असायला हवं होतं. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागायचा. या भागातले कितीतरी लोक “टीव्हीवर तर सांगतात बीपीवाल्यांना धोका” म्हणत केंद्रावर गेले आणि परत आले. 1 एप्रिलला 45 च्या पुढच्या सर्वांना लस खुली झाली तेव्हा हा प्रश्न सुटला.

बिबडे, पापड आणि मीठ

उन्हाळ्यात पिंप्राळ्याच्या गच्च्यांवर बिबडे, कुरडया, उडदाचे पापड वाळत असतात. खान्देशी घरात याशिवाय वर्ष निघत नाही, आणि निघावं असंही मी म्हणणार नाही. पण पापडात मीठ आहे आणि पापडखारही आहे, दोन्हींत सोडियम. शेवभाजीतली शेव, ठेचा, लोणचं, दिवसभरातलं हे सगळं एकत्र केलं तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पाच ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते. मीठ नुसतं पाणी धरून दाब वाढवतं असं आपण समजत होतो. 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं की जास्त मिठात टीएच-17 नावाच्या, दाह वाढवणाऱ्या पेशी जास्त तयार होतात. ताई मात्र पेशींबद्दल बोलत नाहीत. त्या म्हणतात, “मावशी, पापड खा, पण वरून मीठ घेऊ नका.” आणि मावशी ऐकतात, कारण पापड सोडायला सांगितलेलं नसतं.

तीस दिवसांच्या गोळ्या

देशात गोळी सुटण्यावर उत्तर सापडलेलं नाही असं नाही. 2017 च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा होते. पुढे तो विस्तारत गेला आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने त्याचा गौरव केला. त्यात थोर शोध काही नाही. सगळ्यांना एकच ठरलेला उपचारक्रम, सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमने, दाब उतरला नाही तर पुढची पायरी. एकदम तीस दिवसांच्या गोळ्या. प्रत्येकाचं कार्ड. आणि जो ठरल्या तारखेला आला नाही त्याला फोन.

यातलं फोनचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पिंप्राळ्यातल्या मेडिकलवाल्या भाऊंनी 2020 मध्ये जे ओळखलं होतं, की गिऱ्हाईक दिसलं नाही म्हणजे गोळी सुटली, तेच या कार्यक्रमात कामाचा भाग केलेलं आहे. जिथे गोळ्यांचा साठा संपतो किंवा नोंदवणारी सिस्टर बदलून जाते, तिथे हे सगळं कोसळतं. रुग्ण दोनदा रिकाम्या हाताने परतला की तिसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचा दोष त्याच्यावर टाकणं मला पटत नाही. मजुरीला सुरतेला जाणाऱ्यांचं आणखी वेगळं. त्यांची तारीख पिंप्राळ्यात आणि ते तिकडे.

ओट्यावरच्या आप्पांना ताईंनी दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रावर बोलावलं होतं. ते आले, बायकोला घेऊन आले. डॉक्टरांनी जुनं कार्ड पाहिलं. शेवटची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची. गोळी पुन्हा सुरू केली, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, तीस गोळ्या हातात दिल्या. आप्पांनी विचारलं, कोविड परत आला तर ही बंद करायची का. डॉक्टर म्हणाले, नाही, तेव्हा तर मुळीच नाही.

काकू दारातच उभ्या होत्या. सिस्टरने त्यांना खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं बोलू दिलं नाही आणि दंडाला पट्टा बांधला. 164 आणि 102. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, तेव्हा 160 आणि 100. काकूंचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं जात होतं. त्यांच्यासाठी नवं कार्ड काढलं आणि सोमवारी पुन्हा बोलावलं.